काम कुठूनही होतं, बिल मात्र तिथेच पडून राहतं

इचलकरंजीतल्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाला फ्रीलान्सिंग म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको. व्यापारी सूत देतो, हा आपल्या मागावर कापड विणून परत करतो आणि पिकावर, म्हणजे कापडात किती आडवे धागे पडले त्यावर, ठरलेली मजुरी घेतो. माग त्याचा, शेड त्याची, विजेचं बिल त्याचं, कामगारांचे पगार त्याच्याच खिशातून. बाजार पडला की व्यापारी सूत देणं थांबवतो. कुणाला कामावरून काढल्याची नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायांचंही तेच. पान-तंबाखू कारखान्याचा, घर आणि हात बाईचे, मजुरी हजार विड्यांवर.

म्हणून फ्रीलान्सिंगने धंद्याचं चित्र पार पालटून टाकलं असं कुणी लिहिलं की मला आधी विचारावंसं वाटतं, नेमकं काय पालटलं? मी स्वतः बरीच वर्षं सांगलीत बसून पॅकेजिंग डिझाइनचं काम करते. मसाले, पापड, काकवी, कोकम, हळद, असल्या मालाची पाकिटं. पगारी नोकरी नाही, काम येईल तसं बिल. या काळात पुष्कळ काही बदललं आणि त्यातलं बरंचसं चांगल्यासाठी बदललं असं मी मनापासून मानते. पण जे बदललेलं नाही त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं काय ते सांगते.

वारणेच्या पट्ट्यात कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एक काकी आहेत. सुरुवातीला साध्या पाउचवर स्टिकर चिकटवून विकायच्या. मागणी वाढली, पुण्या-मुंबईची दुकानं विचारायला लागली, तेव्हा छापील पाउच करायचं ठरलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशा काकींपुढे दोनच वाटा असायच्या. एक, शहरातली जाहिरात एजन्सी, तिचा खर्च झेपणारा नव्हता. दुसरी, छापखान्यातला डीटीपी ऑपरेटर. त्याने मिरच्यांचा एक तयार फोटो, लाल पट्टा आणि ठळक अक्षरात नाव टाकून दिलं असतं. आता काय झालं? डिझाइन माझ्याकडे आलं. पाकिटावरचा मजकूर रत्नागिरीतल्या एका मुलीने लिहिला, ती दिवसा शाळेत शिकवते. फोटो पुण्यातल्या एका मुलाने काढले, त्याला मसाला आणि अख्ख्या मिरच्या कुरियरने पाठवल्या. पाकिटावर कायद्याने काय काय लागतं हे तपासायला एक निवृत्त अन्नतंत्रज्ञ, ते सध्या नाशिकला मुलाकडे असतात. आणि पाचव्या स्वतः काकी, मोबाइलवर. आम्ही पाचजण एकत्र कधीच भेटलेलो नाही.

सगळं डिझाइन फिग्मा या ऑनलाइन डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडं होतं आणि ज्याला जे खटकेल ते तो तिथेच लिहीत होता. नाशिकच्या काकांनी निव्वळ वजनाच्या आकड्याची उंची कमी पडतेय हे दाखवून दिलं. वजनमापाच्या नियमांत अंकाची किमान उंची ठरवलेली असते, ते माझ्या नजरेने 'छान दिसतंय' म्हणून चालत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी क्रमांक त्यांनी एकेक अंक वाचून जुळवला. शाकाहाराचा हिरवा ठिपका लाल पार्श्वभूमीवर नीट दिसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण सगळ्यात मोलाची सूचना काकींची. मी पाकिटाला भडक लाल रंग दिला होता. त्यांनी व्हॉइस नोट पाठवली, "ताई, ह्यो लाल आमचा न्हवं. ह्यो बाजारच्या चटणीचा. आमच्यात खोबरं, तीळ भाजून पडत्यात, रंग जरा काळपट येतो." मी फोटो पुन्हा मागवला, मसाल्याचा खरा रंग त्यातून उचलला, आणि सगळं पाकीट बदललं. आज दुकानाच्या फळीवर ते पाकीट वेगळं उठून दिसतं ते त्या काळपट लालामुळे.

हे इतकं लिहिण्याचं कारण आहे. असे पाउच ज्या रोटोग्रॅव्हर पद्धतीने छापले जातात तिच्यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सिलिंडर कोरले की चूक दुरुस्त करणं म्हणजे पुन्हा नव्याने पैसे ओतणं. जुन्या पद्धतीत मालकाला छपाईच्या तोंडावर प्रूफ दिसायचं, तेही घाईत. इथे मसाला करणारी बाई पहिल्या दिवसापासून टेबलाशी होती. मोठ्या कंपन्यांच्या पॅकेजिंग विभागात जे चार-पाच प्रकारचं ज्ञान पगारावर ठेवलेलं असतं, ते एका घरगुती मसालेवालीला तीन आठवड्यांसाठी मिळालं आणि काम संपल्यावर आम्ही आपापल्या वाटेने गेलो. फ्रीलान्सिंगचा खरा फायदा मला इथे दिसतो, छोट्याला मोठ्याची हत्यारं मिळण्यात.

रोनाल्ड कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता. बाजारात सगळं काम विकत मिळू शकतं, तर कंपन्या असतातच कशाला? त्यांचं उत्तर असं, की बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो. माणूस शोधायचा, दर ठरवायचा, करार करायचा, काम समजावून सांगायचं, लक्ष ठेवायचं. हा खर्च जिथे फार होतो तिथे माणूस कायमचा ठेवलेला बरा पडतो, आणि कंपनी उभी राहते. १९९१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या विचाराचा मोठा वाटा होता. आता आपल्या डोळ्यांसमोर काय घडलं ते बघा. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, यूपीआय आलं, एकाच फाइलवर चौघांनी चार गावांतून काम करायची सोय झाली, २०२० च्या टाळेबंदीने सगळ्यांना त्याची सवय लावली. कोस ज्याला बाजाराचा खर्च म्हणत होते तो कोसळला. त्यामुळे आधी कंपनीच्या भिंतीच्या आत असलेली कामं एकेक करून बाहेर पडायला लागली. डिझाइन गेलं, हिशेब गेले, भाषांतर गेलं, ग्राहकांना उत्तरं देणं गेलं. सांगली-मिरजेच्या कितीतरी छोट्या कारखान्यांचं वेबसाइटचं, कॅटलॉगचं, ॲमेझॉनवरच्या यादीचं काम बघणारी माणसं त्यांच्या पगारपत्रकावर कुठेच नाहीत.

मराठीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती बाहेरच्यांना सहसा लक्षात येत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत. त्याआधी मराठी टाइप करायला श्रीलिपी नाहीतर सी-डॅकचं आयएसएम ही सॉफ्टवेअरं, आणि संगणकाला डोंगल लावल्याशिवाय ते चालायचं नाही. रत्नागिरीत टाइप केलेला मजकूर सांगलीच्या मशीनवर तोच फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन उघडायचा. मग प्रिंटआउट मागवा, पुन्हा टाइप करा, पुन्हा मुद्रितं तपासा. इंग्रजीत काम करणारे जगभर फाइली पाठवत होते तेव्हा मराठीचं काम एका खोलीत, एका मशीनभोवतीच व्हायचं. युनिकोडने ती खोली उघडली. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा फॉन्ट आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, मजकूर लिहिणारी आणि तो पानावर लावणारी एकच अक्षरं बघतात. अजूनही त्रास आहेत. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग चालू केली नाही तर जोडाक्षरं फुटतात. तरीही कोकणातल्या एखाद्या शिक्षिकेला घरबसल्या पाकिटाच्या मजकुराचं काम मिळतं, त्यामागे हा बदल आहे. माझ्या मते मराठी लिहिता येणाऱ्यांसाठी इंटरनेटने केलेलं हे सगळ्यात मोठं काम.

आता दुसरी बाजू.

पहिली काळजी शिकण्याची. मी हे काम एका छापखान्यात शिकले. तिथला मशीनमन भिंग डोळ्याला लावून कागदावरचे ठिपके बघायचा आणि मला बोलवायचा, "बघ, निळा बाजूला सरकलाय." स्क्रीनवरचा लाल आणि कागदावरचा लाल कधीच एक नसतो हे मला कुठल्याही कोर्सने शिकवलं नाही, त्या माणसाने शिकवलं, आणि तेवढा वेळ मला शिकवत बसण्याचा पगार छापखाना देत होता. आज मला काम देणारा मालक कुणालाही शिकवण्याचे पैसे देत नाही. त्याला तयार माणूस हवा असतो आणि तो ऑनलाइन मिळतोही. मग पुढची तयार माणसं घडणार कुठे? कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलं थेट फाइव्हर-अपवर्कसारख्या ऑनलाइन काम मिळवून देणाऱ्या साइटांवर प्रोफाइल उघडतात, मिळेल त्या दराला कामं घेतात, चुका करतात, खराब रेटिंग मिळतं आणि चूक नेमकी काय होती ते सांगायला शेजारी कुणी नसतं. मला मेसेज करणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना छपाईचं यंत्र प्रत्यक्ष चालताना बघायला मिळालेलं नाही. यात त्यांचा काय दोष? ज्या धंद्यांनी पगारी माणसं कमी केली, त्यांनी शिकवण्याचा खर्चही वाचवला. त्याची किंमत आणखी दहा वर्षांनी त्यांनाच मोजावी लागणार, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट मालकांनी लक्ष देऊन वाचावी अशी. नोकरीत असलेल्या डिझायनरने कामाचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. फ्रीलान्सरचं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर सर्वसाधारणपणे त्याच्याच मालकीचा राहतो, तुम्ही पैसे मोजले असले तरी. फोटोंना आणि काही चित्रांना वेगळा नियम आहे. हक्क तुमच्याकडे यायला लेखी हस्तांतर लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. व्हॉट्सॲपवर 'मस्त, फायनल करा' म्हणून अंगठा दाखवला की ब्रँड आपला झाला असं समजणारे धंदे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. ब्रँड विकायची वेळ येते किंवा गुंतवणूकदाराचा वकील कागद मागतो तेव्हा धावाधाव सुरू होते. एक पानाचा करार करा. तो तुम्हालाही वाचवतो आणि आम्हालाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. पैसे.

काम मिनिटांच्या हिशेबात होतं. दुपारी बदल सांगितला तर संध्याकाळी फाइल हवी असते, रविवारीही. बिल मात्र जुन्याच वाटेने जातं. 'अकाउंट्सला दिलंय', 'साहेबांची सही राहिलीय', 'आमचं पेमेंट अडकलंय, आलं की लगेच करतो'. एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीने माझं पाकीट बाजारात आणलं, मी ते सांगलीच्या दुकानात फळीवर बघितलं, तेव्हा माझ्या बिलाचा दुसरा स्मरण-मेलही अनुत्तरित होता. नंतर पैसे आले ते टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापून, आणि तो टीडीएस माझ्या नावावर भरल्याचं दिसायला आणखी एक तिमाही गेली. हे माझ्या एकटीचं रडगाणं समजू नका, कुठल्याही फ्रीलान्सरला विचारा. पूर्वी कंपनीची रोख रकमेची अडचण कंपनीचा पगारी माणूस सोसायचा नाही, त्याला एक तारखेला पगार द्यावाच लागायचा. आता ती अडचण गुपचूप आमच्या घरात येऊन बसली. खर्चीवाल्याच्या डोक्यावरची मंदी आणि माझ्या डोक्यावरचं थकलेलं बिल, दोन्ही एकाच व्यवस्थेतून आलेली आहेत. ज्याच्याकडे भांडवल कमी, त्यानेच वाट बघायची.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, आणि कसंही करून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, आणि एकटीने काम करणारी डिझायनर 'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करू शकते. नोंदणी फुकट आहे, आधारवर होते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटांच्या नादी लागू नका. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात आणखी एक दात बसवला. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये सीए लोकांनी आपल्या पक्षकारांना फोन करून करून थकलेली बिलं भागवायला लावली, त्यातली काही आमच्यासारख्यांचीही होती. मी तेव्हापासून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापते आणि खाली देय तारीख लिहिते. याने फरक पडतो. बिल बघणाऱ्या अकाउंटंटला तो क्रमांक दिसला की त्याच्या मनात तारीख सुरू होते.

पण खरं सांगायचं तर, तक्रार करायची वेळ आली की हात आखडतो. थकलेल्या बिलांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकला की तो ग्राहक गेला, आणि छोट्या गावात तो आणखी चार जणांना सांगणार. एकटीने भांडायचं म्हटलं की हे असंच होणार. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सरांसाठी वेगळा कायदा लागू आहे. ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार सक्तीचा, तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे, आणि तक्रार केली म्हणून त्रास द्यायला मनाई. तिकडच्या फ्रीलान्सरांनी संघटना करून, रेटा लावून तो करून घेतला. फाइव्हर विक्रेत्याकडून वीस टक्के कापून घेतं, तरी परदेशी कामासाठी मी ते आनंदाने देते, कारण काम सुरू व्हायच्या आधी ग्राहकाचे पैसे तिथे जमा झालेले असतात. कमिशन जास्त आहे, पण झोप शांत लागते.

आपल्याकडे सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. नीती आयोगाने २०२२ मध्ये अहवाल काढला, त्यात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीशिवाय सुटी कामं करणारे, असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगार या शब्दाची व्याख्या इतकी मोकळी आहे की मीही तिच्यात बसते. पण सामाजिक सुरक्षा निधीत पैसे घालायचे ते ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून काम जोडून देणाऱ्या, कंपन्यांनी, उलाढालीच्या एक ते दोन टक्के. ओला-उबर, झोमॅटो-स्विगीवाल्या मुलांसाठी ते योग्यच आहे, त्यांना ते आणखी आधी मिळायला हवं होतं. माझं काम मात्र येतं व्हॉट्सॲपवर, ओळखीतून. मध्ये कुणी ॲग्रिगेटरच नाही. मग माझ्या नावाने निधीत पैसे घालणार कोण? त्या रत्नागिरीच्या मुलीच्या नावाने कोण?

याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. महाराष्ट्राने ते १९६९ साली दिलं होतं. माथाडी कामगार दिवसभरात चार व्यापाऱ्यांची पोती उचलायचा. कायम मालक कुणीच नाही, म्हणून जबाबदार कुणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्या माणसांना संघटित केलं आणि माथाडी कायदा झाला. सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळं आली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही, म्हणजे जादा आकार, मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी. मालक दिवसाला चार बदलले तरी कामगाराचं खातं एकच राहिलं. किती पुढचा विचार होता तो! राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायदे केले, त्यांत मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर आकार हीच कल्पना आहे. जिथे ती जन्मली त्या महाराष्ट्रात तिचा विस्तार आपल्यापर्यंत का होऊ नये?

माथाडी मंडळांचे दोष मला माहीत आहेत. बोगस माथाडींच्या नावाने खंडणी मागणाऱ्यांमुळे कारखानदार वैतागलेत आणि त्यांची तक्रार खरी आहे. पण इथे पोती उचलायची नाहीत, सगळा व्यवहार बँकेतून आणि बिलावर होतो. कंपनी माझ्या बिलातून टीडीएस कापून माझ्या पॅनवर भरू शकते, तर त्याच पद्धतीने बिलावर एक-दोन टक्के लेव्ही भरायला वेगळी यंत्रणा किती लागणार? मला वाटतं, फारच थोडी. टीडीएस माझ्या पैशांतून कापला जातो, लेव्ही मात्र काम देणाऱ्याने वर द्यावी, एवढाच फरक. काकींच्या त्या पाकिटावर असा आकार लागला असता तर त्यांनी कुरकुर केली नसती. त्यांनी आम्हा चौघांचे पैसे सिलिंडर कोरायला जायच्या आधी दिले होते, एका दिवसात, यूपीआयने. उधारी न ठेवण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांची जास्त असते आणि सवय छोट्यांची, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

माझ्या मित्रयादीत कामगार आयुक्तालयात काम केलेले, माथाडी मंडळाचा कारभार जवळून बघितलेले कुणी असतील तर कृपया लिहा. बिलावर लेव्ही घ्यायची तर नोंदणी कुणाची आधी करावी, काम देणाऱ्याची की काम करणाऱ्याची? आणि वर्षाला दोन-चारच कामं देणाऱ्या छोट्या धंद्यांना कुठल्या मर्यादेखाली सूट द्यावी? सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीतले डिझायनर, भाषांतरकार, फोटोग्राफर, हिशेबनीस अशा पंधरावीस जणांनी एकत्र बसून एक मसुदा करायचं आम्ही ठरवतोय. यायची इच्छा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. आपल्याला काम देणाऱ्या एखाद्या मालकाला सोबत आणता आलं तर जरूर आणा.